आईचे वर्ष आणि शाळेचे वर्ष

(केंद्रशाळेत भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या सभेपुढील भाषण)



शाळेचे वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते आणि एप्रिलच्या सुमारास संपते. त्यातील सुट्या, चाचण्या, तपासण्या व परीक्षा यांचा तक्ता प्रत्येक शाळेच्या भिंतीवर टांगलेला असतो. परंतु शाळेत येणाऱ्या मुलाच्या घरी एक दुसरेच वर्ष चालू असते आणि त्याचा तक्ता कोठेही टांगलेला नसतो. ते मुलाच्या आईचे वर्ष होय. खानदेशात ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते. सालदाराचे साल त्याच दिवशी संपते व नवे धरले जाते. घरच्या बाईचे सालही तेव्हापासूनच मोजावयास हरकत नाही, फक्त तिचा करार कोणी करीत नाही. पेरणी, निंदणी, कापसाची वेचणी, दादरीची काढणी, पापड-कुरडया आणि पुन्हा आखाजी अशा टप्प्यांनी हे वर्ष पुढे सरकते. घरात आज काय शिजेल, किती वाजता शिजेल आणि थोरल्या मुलीला शाळेत जाता येईल की नाही, हे भिंतीवरचा तक्ता ठरवीत नाही. हे दुसरे वर्ष ठरविते.

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षकाने हे दुसरे वर्ष ओळखावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय घरगुती आहे, भाजी-भाकरीचा आहे, म्हणून तो हलका समजण्याचे कारण नाही. हजेरीपटावरील पुष्कळशा गैरहजेरीचे उत्तर याच विषयात सापडते, आणि ते उत्तर ठाऊक नसल्यामुळे शिक्षकाच्या हातून मुलावर व त्याच्या आईवर नकळत अन्याय होत असतो.

पूर्वी खानदेशातील बाईचा दिवस जात्यावर उजाडत असे. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. घरकाम व शेतकाम करता करता त्या ओव्या रचीत. घरातील मंडळींनी त्या टिपून ठेवल्या, म्हणूनच १९५१ साली त्यांचे निधन झाल्यानंतर दुसऱ्या वर्षी त्या पुस्तकरूपाने महाराष्ट्राच्या हाती आल्या. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. शिकलेली नसलेली आई म्हणजे काही न जाणणारी आई, असे मनात धरून पालकांशी बोलणाऱ्या शिक्षकाने आसोद्याकडे एकवार पाहावे. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठातून पदव्या दिल्या जातात, त्या बाईंच्या हाती कधी पाटी आलेली नव्हती.

आता जाते गेले. गावोगावी विजेची चक्की आली, पुष्कळ घरांत नळ आला, २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून अनेक घरांत गॅसची शेगडीही आली. यामुळे आईला फुरसत मिळाली असावी असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः जात्यावरचा वाचलेला वेळ शेताने घेतला. पुन्हा, टाकी संपली की दुसरी आणावयास रोख रक्कम लागते. म्हणून चहा शेगडीवर आणि भाकरी चुलीवर अशी विभागणी कितीतरी घरांत अजून आहे. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या जळतात. त्या मार्च महिन्यात आईनेच शेतातून गोळा करून, डोक्यावर वाहून, घराच्या मागे रचून ठेवलेल्या असतात.

जून-जुलैमध्ये शाळा उघडते तेव्हा या घरातील आईचे वर्ष सर्वांत ओढाताणीचे असते. पेरणीसाठी पैसा गेलेला असतो. मागच्या हंगामाची दादर कणगीच्या तळाशी आलेली असते. पऱ्हाट्या भिजतात आणि चूल पेटता पेटत नाही. निंदणीला जाणाऱ्या बायकांची टोळी सकाळी लवकर निघते आणि जी टोळीबरोबर निघत नाही तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. बाजारची भाजी या दिवसांत महाग. पण बांधावर तरोटा उगवतो, परसात अंबाडी व पोकळा येतो, डोंगराकडच्या गावांत कर्टोली मिळतात. तेही नसले तर डाळीचे फुणके, बेसनाचे डुबुकवडे आणि उन्हाळ्यात करून ठेवलेले सांडगे व बिबडे उपयोगी पडतात. बाहेरच्या माणसाला हे चवीचे प्रकार वाटतात. ते चवीचे आहेतच, परंतु मुळात ते टंचाईवर काढलेले तोडगे आहेत. भाजी नाही, पण डाळ आहे, एवढ्या भांडवलावर घरातील सहा माणसांना कोरड्यास पुरविण्याची ती युक्ती आहे.

अशा दिवसांत काही मुले सकाळी काहीही न खाता शाळेत येतात. आई निघाली तेव्हा ती झोपलेली होती. टोपल्यात झाकून ठेवलेली भाकरी धाकट्याने खाल्ली, किंवा तिच्याबरोबर खावयास काही नव्हते. परिपाठाच्या वेळी घेरी येणारे मूल, पहिल्या तासाला डोके टेकणारे मूल, विनाकारण चिडणारे मूल यांपैकी पुष्कळ मुले आळशी किंवा उद्धट नसून उपाशी असतात. शिक्षकाने हे विचारावे. परंतु चारचौघांत विचारू नये. “आज काय खाऊन आलास?” हा प्रश्न सर्व वर्गासमोर विचारला की उपाशी मूलही वरण-भात खाल्ल्याचे सांगते, कारण त्याला आपल्या आईची अब्रू राखावयाची असते. तोच प्रश्न ओसरीवर, एकट्याला, पाठीवर हात ठेवून विचारला म्हणजे खरे उत्तर मिळते.

शालेय पोषण आहाराचे महत्त्व येथे ध्यानात येते. १९९५ च्या १५ ऑगस्टपासून ही योजना देशात सुरू झाली. आरंभी पुष्कळ राज्यांत कोरडे धान्य घरी दिले जाई. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला आणि त्यानंतर शाळेत चूल आली. पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी, हे त्याचे प्रमाण होय. कागदावर हे आकडे सर्वांना पाठ असतात. प्रश्न भाजीच्या ५० ग्रॅमचा असतो. तांदूळ पोत्यात येतो, डाळ पिशवीत येते. भाजी मात्र कोणीतरी आणावी लागते आणि तीच बहुधा ताटातून नाहीशी होते. पावसाळ्यात अंबाडी, थंडीत मेथी व वांगी, उन्हाळ्यात शेवग्याच्या शेंगा, या गोष्टी खानदेशातील गावात शोधाव्या लागत नाहीत. शाळेत स्वयंपाक करणारी बाई ही बहुशः त्याच गावची, त्याच शाळेतील एखाद्या मुलाची आई असते. या आठवड्यात कोणती भाजी स्वस्त आहे आणि मुले कोणती भाजी ताटात ठेवतात, हे मुख्याध्यापकाने तिलाच विचारावे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. भाऊबंद एकत्र येतात, रोट होतात, रात्र जागविली जाते. त्या सोमवारी वर्ग अर्धा रिकामा असणार, हे जाणून चाचणी मंगळवारी किंवा बुधवारी ठेवणे काही अवघड नाही. तरीही दरवर्षी कोठे ना कोठे चाचणी नेमकी सोमवारी येते आणि नंतर गैरहजर मुलांची यादी तयार होते.

आता या वर्षातील मुख्य हंगामाकडे, कापूस वेचणीकडे, वळावयास हवे. शाळेतून नाव गळण्याचा सर्वांत मोठा धोका याच दिवसांत असतो.

दसऱ्याच्या आगेमागे बोंडे फुटू लागतात. कापूस एकदम फुटत नाही. थोडा थोडा फुटतो. त्यामुळे एकाच शेतात तीन-तीन, चार-चार वेळा वेचणी करावी लागते आणि हे काम पौषापर्यंत चालते. फुटलेला कापूस फार दिवस बोंडात ठेवून चालत नाही. अवकाळी पाऊस आला तर तो भिजतो, पिवळा पडतो आणि त्याचा भाव उतरतो. म्हणून शेतकऱ्याला घाई असते. मजूर बाईला वेगळी घाई असते. बाकीच्या कामाचा रोज ठरलेला असतो, पण वेचणीची मजुरी पुष्कळ ठिकाणी वजनावर मिळते. जितके किलो, तितके पैसे. दहा वर्षांच्या मुलीचे दोन हात बरोबर आले तर संध्याकाळच्या काट्यावर त्यांचे वजन दिसते. मुलीला शाळेतून काढावे असे त्या आईला वाटत नसते. काट्याने तिच्यापुढे ठेवलेले ते गणित असते आणि उधारी डोक्यावर असताना त्या गणिताला नाही म्हणणे कठीण जाते.

जी मुलगी शेतात जात नाही, ती घरी अडकते. तिला दोन-तीन वर्षांचा भाऊ किंवा बहीण सांभाळावयाची असते. आई पहाटे उठून भाकऱ्या थापते, कालवण करते, अर्ध्या भाकऱ्या फडक्यात बांधून शेतात नेते, अर्ध्या टोपल्याखाली ठेवते आणि निघून जाते. तेथून अंधार पडेपर्यंत घराची मालकीण ही चौथीतली मुलगी असते. ती पाणी भरते, लेकराला खाऊ घालते, कोंबड्या कोंडते, संध्याकाळी चूल पेटवून ठेवते. हजेरीपटात तिच्या नावापुढे मात्र केवळ गैरहजेरीची खूण असते.

यावर शिक्षकाला काय करता येईल? कायदा स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शाळेत असण्याचा हक्क दिला. २०१६ साली दुरुस्त झालेल्या बालकामगार कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलास मजुरीस लावता येत नाही. घरच्या कामात त्याने मदत करावयाची तीही शाळेच्या वेळेनंतर व सुटीत. परंतु आईच्या दारात जाऊन कायद्याचे कलम वाचल्याने मुलगी शाळेत आल्याचे उदाहरण क्वचितच आढळेल. आई घाबरते, पुढच्या वेळी शिक्षक येताना दिसले की मुलीला आत पाठविते, आणि जे सांगून सुटले असते ते लपवून अधिक गुंतते. कायदा मजुरास लावणाऱ्याला सांगावा. आईशी धाकट्या लेकराविषयी बोलावे.

कारण गाठ तेथेच असते. धाकट्याची सोय झाली की थोरली मोकळी होते. अंगणवाडी बहुतेक गावांत आहे. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचा तो भाग होय, आणि तेथे तीन ते सहा वर्षांच्या बालकांस दुपारचा गरम आहारही मिळतो. परंतु अंगणवाडीची व शाळेची वेळ जुळत नाही. अंगणवाडी लवकर सुटते आणि शाळा सुटावयास अवकाश असतो. वेचणीच्या दोन-तीन महिन्यांपुरते अंगणवाडी सेविकेशी बोलून, सुटलेली बालके शाळेच्या ओसरीवर आणून बसविण्याची व्यवस्था ज्या गावी झाली, तेथे मोठ्या मुलींची हजेरी टिकते. तीन वर्षांखालील लेकरू असेल तर मुलीला ते कडेवर घेऊन वर्गात येऊ द्यावे. वर्गात एखादे मूल रडेल, एखादे रांगत फळ्यापर्यंत येईल. तपासणीच्या दिवशी ते शोभून दिसणार नाही. पण मुलगी वर्गात असेल. शोभा आणि मुलगी यांत निवड करण्याची वेळ आली तर काय निवडावे, हे शिक्षकाला सांगण्याची गरज नसावी.

साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून वेगळा व मोठा आहे. दिवाळीनंतर धुळे जिल्ह्यातून व चाळीसगावाकडील भागातून अशी कुटुंबे बिऱ्हाडासह बाहेर पडतात. त्यासाठी शिक्षण हमीचे कार्ड आहे. ते निघण्यापूर्वी मुलाच्या हाती पडले तरच त्याचा उपयोग, म्हणून दिवाळीच्या सुटीआधीच ते भरून तयार असावे.

वेचणीच्या हंगामातच आईच्या पेहरावाविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. वेचणीस जाताना बाई लुगड्यावर किंवा साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा सदरा चढविते, डोक्याला फडके गुंडाळते आणि पदराची किंवा जुन्या धडप्याची ओटी करून तीत कापूस भरते. हा पेहराव गबाळेपणाचा नाही. सुकलेल्या बोंडाची टोके सुईसारखी असतात, ऊन डोक्यावर असते आणि दोन्ही हात मोकळे लागतात; या तिन्ही गोष्टींचा विचार करून बायांनीच तो बसविलेला आहे. पण याच पेहरावात शाळेवरून घरी परतताना ती बाई रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, तोंड फिरवून जाते. गुरुजींनी किंवा बाईंनी हाक मारू नये, असे तिला वाटते. का वाटते, याचा विचार शिक्षकांनी करावा. माता-पालकांच्या सभेत नीटनेटके लुगडे नेसून आलेल्या दोन-चार बायांना पुढे बसविले जाते आणि शेतातून धावत आलेली दाराशी उभी राहते, हे दृश्य अपवादात्मक नाही.

सभेच्या वेळेचेही तेच. सकाळी अकरा किंवा दुपारी तीन ही वेळ कार्यालयास सोयीची असते. रोजावर जाणाऱ्या आईला ती अर्ध्या दिवसाच्या मजुरीची पडते. मग इतिवृत्तात “पालकांची उदासीनता” हा शब्द येतो. आठवडे बाजाराच्या दिवशी पुष्कळ गावी मजुरीची कामे बंद किंवा अर्धी असतात. त्या दिवशी, किंवा एरवी दिवेलागणीनंतर, तासाभरासाठी सभा बोलावून पाहावी. ज्या आया येऊ शकत नाहीत त्यांच्याशी शेताच्या वाटेवर दोन मिनिटे बोलावे. ती सदऱ्यातच असू द्यावी. आपली मुलगी गुणाकार चांगला करते, एवढे एक वाक्य तिला वाटेत ऐकावयास मिळाले तर दुसऱ्या दिवशी त्या मुलीला घरी ठेवताना तिचा हात अडखळतो.

मुलींच्या वेण्यांचा प्रश्न लहान वाटेल. दोन घट्ट वेण्या व फिती हा शाळांचा जुना नियम आहे आणि टापटिपीसाठी तो ठीकच आहे. पण वेचणीच्या दिवसांत आईच्या बोटांना चिरा पडलेल्या असतात व पहाटे तिला वेळ नसतो. मुलगी मोकळ्या केसांनी येते आणि परिपाठात रांगेबाहेर उभी केली जाते. अशी दोनदा उभी केलेली मुलगी तिसऱ्या दिवशी येत नाही. शाळेत एक फणी, एक आरसा आणि खोबरेल तेलाची बाटली ठेवावी. सातवीतील मुली पहिली-दुसरीतील मुलींच्या वेण्या पाच मिनिटांत घालतात, आणि त्या पाच मिनिटांत त्या एकमेकींशी जे बोलतात ते शिक्षिकेने जवळ बसून ऐकण्यासारखे असते.

थंडी पडली की खानदेशच्या स्वयंपाकघरात सुगी येते. मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला चातुर्मासात वर्ज्य असलेली वांगी पुन्हा ताटात येतात आणि भरीताचा हंगाम सुरू होतो. जळगावकडील मोठी, हिरवट, कमी बियांची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात, साल काढून हिरवी मिरची व लसूण यांच्याबरोबर लाकडी मुसळीने ठेचतात आणि वर कांद्याची पात व शेंगदाण्यांची फोडणी देतात. या वांग्यास आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्याच्याबरोबर कळण्याची भाकरी असते. ज्वारीत थोडे उडीद व मीठ घालून एकत्र दळलेले पीठ म्हणजे कळणा. चार-पाच भाग ज्वारीस एक भाग उडीद असे साधारण प्रमाण, घरोघर थोडेफार निराळे. आहारशास्त्र सांगते की, धान्यातील प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो व तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे उणे असते ते धान्यात मिळते. दोन्ही एकत्र खाल्ली म्हणजे शरीरास पुरे पडतात. कळणा दळणाऱ्या बाईने हे शास्त्र कोठे वाचलेले नव्हते. थंडीत उडीद अंगास चांगला, एवढेच तिला सासूने सांगितले होते.

असे अन्न आणणारे मूल शाळेत डबा उघडताना झाकण आडवे धरते, ही मात्र काळजीची गोष्ट आहे. शेजारच्या मुलाच्या डब्यात पाकिटातील बिस्किटे असतात आणि याच्या फडक्यात भाकरी व ठेचा असतो. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले, शाळांतून घोषवाक्ये लिहिली गेली, प्रभातफेऱ्या निघाल्या. पण भिंतीवर ज्वारीचे चित्र आणि शिक्षकांच्या टेबलावर बिस्किटे, असा प्रकार असला तर मूल चित्रावर विश्वास ठेवीत नाही. मधल्या सुटीत शिक्षकाने स्वतः भाकरी आणून मुलांत बसून खाल्ली, एखाद्याच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मागून घेतला, तर त्या मुलाचे झाकण खाली येते.

फाल्गुन-चैत्रात शाळा सकाळची होते आणि त्याच वेळी आईच्या कामालाही पहाट लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल व शिरपूर तालुक्यांतील आदिवासी पाड्यांत, महूची फुले पहाटे गळतात. ऊन चढण्याआधी ती वेचावी लागतात आणि त्या कामात मुले असतात. सकाळी सातची शाळा तेथे नेमकी फुले वेचण्याच्या वेळेवर येते. हे दोन-तीन आठवडे पाड्यावरच्या शाळेत पहिला तास खेळाचा किंवा गाण्याचा ठेवला, तर उशिरा आलेल्या मुलाचे नुकसान कमी होते.

पठारावर पापड, कुरडया, शेवया व बिबडे यांचे दिवस याच वेळी येतात. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवितात, रोज पाणी बदलतात, वाटून गाळून त्याचा सत्त्वभाग खाली बसू देतात आणि पहाटे तो शिजवून चीक करतात. बिबड्यांसाठी ज्वारी कांडून, भिजवून, भरडून तिचा घाटा शिजवितात. त्यात तीळ, लसूण, मिरची घालतात आणि ओल्या फडक्यावर हाताने थापून उन्हात टाकतात. एकीचे काम आळीतील चौघी मिळून करतात, दुसऱ्या दिवशी दुसरीचे. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो. ज्या उन्हाची सर्व महाराष्ट्राला धास्ती वाटते, त्या उन्हाला या बायांनी कामाला लावलेले आहे. गच्चीवर पसरलेल्या बिबड्यांना कावळे व शेळ्या यांपासून राखावयाचे काम मुलांकडे, विशेषतः मुलींकडे, असते आणि वार्षिक परीक्षेचे पुस्तक त्यांच्या मांडीवर असते.

यात पाठाला किती सामग्री आहे! पाण्याची वाफ होणे, सत्त्वाचे खाली बसणे, आंबणे, ओल्या व कोरड्या वजनातील फरक, पायली व किलो यांचे कोष्टक. यासाठी काही विकत आणावयास नको. मुलाने घरी जाऊन तीन प्रश्न विचारावे: गहू किती दिवस भिजला, पाणी किती वेळा बदलले, आणि बदलले नसते तर काय झाले असते? आई हातातले काम न थांबविता उत्तरे देईल व मूल ती वहीत लिहील. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक शिक्षकांनाही नवे असेल.

याउलट शाळेतून घरी जाणाऱ्या काही मागण्यांचा हिशेब एकदा होणे आवश्यक आहे. उद्या थर्माकोलची प्रतिकृती, परवा वेशभूषेसाठी फेटा, शनिवारी आनंद बाजारासाठी घरचा पदार्थ, सोमवारी पांढरा सदरा. हे सारे मुलाला रात्री नऊ वाजता आठवते, आणि तेव्हा आई नुकतीच भांडी घासून बसलेली असते. उपक्रमाचे छायाचित्र अहवालात जाते. त्यामागे कोणाची झोप गेली हे अहवालात येत नाही. जी गोष्ट शाळेत, शाळेच्या वेळेत, शाळेतील वस्तूंनी होऊ शकत नाही ती घरी लादण्यापूर्वी शिक्षकाने विचार करावा.

घरकामाचा वाटा मुलग्यांनीही उचलावा, हे पाठ्यपुस्तकांत असते. वर्गात मात्र झाडू अजून मुलींच्याच हाती दिसतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते व तेथील छात्रालयाची व्यवस्था पाहत. मुलांनी खोल्या अस्ताव्यस्त टाकल्या की ते ओरडत नसत. स्वतः खोली झाडीत, अंथरुणे नीट ठेवीत, मुलांचे मळके कपडे धुऊन टाकीत. मोठ्या घरची मुले शरमून स्वतःच ती कामे करू लागली. आईविषयी महाराष्ट्राला सर्वांत प्रिय झालेले पुस्तक पुढे ज्यांच्या हातून लिहिले गेले, त्यांनी आधी आईची कामे हाताने केलेली होती. आजच्या शाळेत पोषण आहाराची ताटे घासण्याची पाळी मुलगे व मुली यांची सारखी लावणे, आणि त्या रांगेत आठवड्यातून एकदा गुरुजींनीही उभे राहणे, एवढे तरी व्हावे.

मग आखाजी येते. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लिंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. घागर भरली जाते, पुरणाचे मांडे खापरावर भाजले जातात, आंब्याचा रस होतो. वर्षातून हेच चार दिवस असे की त्यांत बाईला कोणी पहाटे उठवीत नाही. याच सुमारास शिक्षक पटनोंदणीसाठी घरोघर फिरत असतात. माहेरी आलेल्या या लेकींत काही त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी असतात. वेचणीच्या एखाद्या हंगामात ज्यांचे नाव पटावरून गळले आणि पुढे कायद्याचे अठरावे वर्ष लागण्याची वाटही न पाहता ज्यांची लग्ने झाली, अशा. शिक्षकाने पटनोंदणीचा कागद बाजूस ठेवून त्यांच्याशी बोलावे. कडेवरच्या लेकराला खाली उतरवीत त्या बहुधा एकच गोष्ट विचारतात: गुरुजी, याला पहिलीत कधी घालायचं?